तंत्रशंका : मीडिया कन्व्हर्टरची जोडी जमवताना

तांब्याच्या लॅन केबलमधून आलेला संदेश प्रकाशात रूपांतरित करून फायबरमध्ये सोडणे आणि फायबरमधून आलेला प्रकाश पुन्हा तांब्यावर आणणे, एवढेच मीडिया कन्व्हर्टरचे काम असते. या महिन्याच्या टपालात त्याविषयीची पत्रे बरीच होती, त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील अडचण फार जणांना येते आणि तिच्यापायी चांगली केबल उकरून काढण्यापर्यंत मजल जाते.

प्रश्न : माझे घर आणि द्राक्षांचे पॅकहाऊस यांत केबलच्या मापाने ३४० मीटर अंतर आहे. पॅकहाऊसमध्ये चार कॅमेरे बसवायचे असल्याने मी बांधाच्या कडेने एका कोअरची (काचेच्या एकाच तंतूची) सिंगल मोड फायबर टाकून घेतली आणि दोन्ही टोकांना गिगाबिटचा एकेक मीडिया कन्व्हर्टर लावला. दोन्ही डब्यांवरचा पॉवरचा दिवा लागतो, लॅनच्या बाजूचा दिवाही लागतो, पण फायबरचा दिवा दोन्हीकडे बंद आहे. स्प्लायसिंग (फायबरची टोके वितळवून जोडण्याचे काम) करणाऱ्याने लाल प्रकाशाच्या पेनने तपासले, तेव्हा प्रकाश आरपार दिसला. दुकानदार म्हणतात, अंतर जास्त आहे, केबल बदला. दोन्ही डब्यांच्या तळाशी ‘टीएक्स १३१०, आरएक्स १५५०’ असे छापलेले आहे. केबल बदलावी काय? (निफाड तालुक्यातील एक बागायतदार)

उत्तर : केबल बदलू नका. आपल्या अडचणीचे उत्तर आपण पत्राच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात स्वतःच लिहिले आहे. ‘टीएक्स’ म्हणजे पाठवणे आणि ‘आरएक्स’ म्हणजे ऐकणे; आपल्याला एकाच बाजूचे दोन डबे मिळाले आहेत.

एकाच कोअरवरून येणे आणि जाणे दोन्ही करायचे असेल, तर दोन दिशांना दोन वेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश वापरावा लागतो. म्हणून असे डबे नेहमी जोडीने बनतात : ‘ए’ बाजूचा डबा १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, तर ‘बी’ बाजूचा डबा १५५० वर पाठवतो आणि १३१० वर ऐकतो. डब्याच्या आत एक बारीकशी गाळणी असते, जी नको त्या तरंगलांबीचा प्रकाश ऐकणाऱ्या भागापर्यंत पोहोचूच देत नाही. आपल्याकडे दोन्ही ‘ए’ असल्याने दोन्ही डबे १३१० वर अखंड बोलत आहेत आणि १५५० ची वाट पाहत बसले आहेत. यांतला एक डबा परत करून त्याच कंपनीचा, त्याच वेगाचा ‘टीएक्स १५५०, आरएक्स १३१०’ असे छापलेला डबा घ्या. खोक्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, डबा उलटा करून तळाचा आकडा वाचा. अदलाबदल बहुधा खोक्यांतच झालेली असते.

आता अंतराविषयी. तांब्याच्या लॅन केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, त्यामुळे ३४० मीटर ऐकले की कोणालाही अंतरच आधी आठवते. फायबरला मात्र हे अंतर किरकोळ आहे आणि तो हिशेब आपण स्वतः करून पाहावा. सिंगल मोड फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरचा प्रकाश एका किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल (प्रकाशाची घट मोजण्याचे एकक) क्षीण होतो, म्हणजे आपल्या ३४० मीटरमध्ये जेमतेम ०.१२ डेसिबल. दोन्ही टोकांचे दोन स्प्लाइस प्रत्येकी ०.१ धरले आणि दोन कनेक्टर सढळ हाताने प्रत्येकी ०.५ धरले, तरी एकूण घट दीड डेसिबलच्या आतच राहते. वीस किलोमीटरच्या सर्वसाधारण डब्याच्या माहितीपत्रकात पाठवण्याची किमान पातळी उणे ९ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) आणि ऐकण्याची किमान पातळी उणे २० च्या आसपास दिलेली असते, म्हणजे दहा-अकरा डेसिबलची घट सोसण्याची त्याची तयारी असते. दीड कुठे आणि दहा कुठे! शेतातल्या किंवा कारखान्याच्या आवारातल्या अंतरावर फायबरचा दिवा लागत नसेल, तर दोष अंतरात शोधण्यात वेळ घालवू नये. तो जोडीत, कनेक्टरच्या रंगात, धुळीत किंवा कुठेतरी बसलेल्या तीव्र वळणात असतो.

लाल पेनच्या तपासणीबद्दलही सांगायला हवे. पेनचा लाल प्रकाश आरपार दिसला म्हणजे काच तुटलेली नाही एवढे कळते, घट किती आहे ते कळत नाही. त्यासाठी ऑप्टिकल पॉवर मीटर लागतो. स्प्लायसिंग करणाऱ्याकडे तो असतोच, तेव्हा काम संपल्यावर दोन्ही टोकांचे आकडे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावेत आणि तो कागद डब्याशेजारीच चिकटवून ठेवावा. वर्षभराने काही बिघडले, तर पहिल्या दिवशी किती प्रकाश येत होता हे ठाऊक असण्यासारखा आधार नाही.

नवा डबा आला की लगेच पॅकहाऊसवर नेऊ नका. घरीच एका टेबलावर दोन्ही डबे शेजारी ठेवा, दोन-तीन मीटरच्या पॅचकॉर्डने (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या तयार फायबरने) एकमेकांना जोडा, एका डब्याला राउटर आणि दुसऱ्याला लॅपटॉप लावा आणि इंटरनेट चालते का पाहा. लॅनची केबल सरळ की उलटी याची चिंता नको, आजचे बहुतेक डबे ते स्वतः जुळवून घेतात. टेबलावर चालले की डबे आणि जोडी यांविषयीचा संशय कायमचा मिटतो. त्यानंतर शेतात काही अडले, तर ते केबलमध्येच आहे हे निश्चित होते. ही अर्ध्या तासाची तपासणी मी कधीही टाळत नाही, आणि आपणही टाळू नये असे मी आग्रहाने सांगेन. फक्त एक पथ्य पाळावे : डबे ४० किंवा ८० किलोमीटरच्या जातीचे असतील, तर त्यांना इतक्या तोकड्या पॅचकॉर्डने थेट जोडू नये. त्यांचा प्रकाश जवळच्या अंतरावर ऐकणाऱ्या भागाला झेपत नाही, कधी त्याला इजाही होते. त्यांच्यामध्ये प्रकाश मुद्दाम क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर घालावा लागतो. ३४० मीटरसाठी तसले महाग डबे घेण्याचे कारणच नाही.

शेतात जोडताना कनेक्टरचा रंग पाहा. हिरव्या कनेक्टरचे टोक आठ अंशांच्या कोनात घासलेले असते, निळ्याचे टोक तसे तिरपे नसते. हे दोन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात, ‘टक’ असा आवाजही येतो, पण आत काचेला काच नीट टेकत नाही आणि मध्ये फट राहते. मीडिया कन्व्हर्टरला सहसा निळा कनेक्टर लागतो. इंटरनेटची जोडणी करणाऱ्यांच्या पिशवीत हिरव्या पॅचकॉर्डच जास्त असतात, त्यामुळे ही गल्लत हमखास होते.

त्यानंतर स्वच्छता. कनेक्टरच्या टोकाशी असलेली पांढरी दांडी अडीच मिलिमीटर जाडीची असते, पण तिच्या मधोमध ज्या वाटेने प्रकाश जातो ती अवघी नऊ मायक्रॉनची, आपल्या डोक्याच्या केसाच्याही कितीतरी पट बारीक. द्राक्षबागेत गंधक आणि चुनखडीची पूड हवेत असते. तिचा एक कण त्या टोकावर बसला तरी पुरे होतो. टोपण काढले की कनेक्टर लगेच लावावा, बोट टेकवू नये, तोंडाने फुंकर मारू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो. तंतू न सुटणारा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओला करून टोक एकाच दिशेने पुसावे, मग कोरड्या भागावरून पुन्हा एकदा पुसावे. आणि फायबरचे टोक डोळ्यांसमोर धरून ‘प्रकाश येतो का’ हे कधीही पाहू नये. १३१० आणि १५५० हे दोन्ही प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे दिसले काही नाही तरी डोळ्यात काही गेले नाही असे म्हणता येत नाही.

डब्याच्या कडेला बारीक स्विच असतील, तर त्यांत बहुधा ‘एलएफपी’ नावाचा एक असतो. फायबर तुटली की लॅनचा दिवाही बंद करायचा, म्हणजे पलीकडच्या यंत्राला बिघाड कळतो, असे त्याचे काम आहे. सुविधा उत्तम आहे, पण जोडणी चालू असताना तो बंद ठेवावा, नाहीतर एका बाजूच्या दोषाने दोन्ही दिवे विझतात आणि दोष कुठे आहे ते समजत नाही. सर्व सुरळीत झाल्यावर तो चालू करावा. पुष्कळ डबे या स्विचची स्थिती वीज सुरू होतानाच वाचतात, तेव्हा बदल केल्यावर डबा एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

शेवटी कॅमेऱ्यांच्या विजेचा मुद्दा, जो आपण विचारलेला नाही पण पुढे अडेल. काचेतून वीज जात नाही आणि साधा मीडिया कन्व्हर्टर पीओई, म्हणजे लॅन केबलमधूनच यंत्राला वीज, देत नाही. पॅकहाऊसमध्ये कन्व्हर्टरनंतर पीओई स्विच ठेवून त्यावरून कॅमेरे चालवावेत आणि कन्व्हर्टर व स्विच दोघांनाही इन्व्हर्टरवर घ्यावे. अ‍ॅडॉप्टर डब्याबरोबर आलेलाच वापरा. पाच व्होल्टच्या डब्याला बारा व्होल्टची पिन तितक्याच सहज बसते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या दोन इमारतींमध्ये १०० एमबीपीएसचे मीडिया कन्व्हर्टर आहेत. एका टोकाचा स्विच बदलल्यापासून सर्व दिवे लागलेले असूनही कॅमेऱ्यांचे चित्र अडखळते. तंत्रज्ञ पिंग करून (छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहून) दाखवतो आणि लाइन ठीक आहे असे सांगतो. (ठाण्यातील एका सोसायटीचे सचिव)

उत्तर : पिंगचे पाकीट लहान असते आणि एका वेळी एकच जाते, म्हणून ते निभावते. चित्राचा ओघ दोन्ही दिशांनी एकदम सुरू झाला की खरे दुखणे वर येते. लक्षणांवरून हा डुप्लेक्सचा बेबनाव दिसतो : ‘फुल’ म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणे, ‘हाफ’ म्हणजे आळीपाळीने. आपल्या कन्व्हर्टरवरचा लॅन बाजूचा बारीक स्विच ‘फोर्स’ म्हणजे सक्तीने १०० फुल डुप्लेक्सवर ठेवलेला असावा. आपण बदललेल्या जुन्या नेटवर्क स्विचमध्येही कोणीतरी तीच सक्ती केलेली असणार, म्हणून ते जुळत होते. नवा स्विच मूळच्या ‘ऑटो’ स्थितीत आहे. तो बोलणी करू पाहतो, समोरून उत्तर येत नाही, तेव्हा तो वेग तेवढा ओळखतो आणि नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो. परिणामी एक बाजू हवे तेव्हा बोलते आणि दुसरी बाजू ते टक्कर समजून थांबते.

कन्व्हर्टरवरचा बारीक स्विच ‘ऑटो’वर न्या, डबा बंद-चालू करा आणि नव्या स्विचच्या पडद्यावर त्या पोर्टसमोर ‘फुल’ असे दिसते का ते पाहा. पुढे कधी वेग वाढवायचा झाला, तर दोन्ही टोकांचे डबे एकदमच बदला. फायबरच्या बाजूने १०० चा डबा आणि गिगाबिटचा डबा यांचे एकमेकांशी जमत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या दोन इमारतींत केवळ ७० मीटर अंतर आहे. लॅन केबल चालते, पण दरवर्षी वळवाच्या पावसात विजा झाल्या की स्विचचे पोर्ट जळतात. अंतर १०० मीटरच्या आत असताना फायबरचा खर्च करावा का? (रत्नागिरी जिल्ह्यातील एक शिक्षक)

उत्तर : जरूर करावा. जवळपास वीज कोसळली की दोन इमारतींच्या जमिनीच्या पातळीवर क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि त्यांना जोडणारी तांब्याची वाट म्हणजे आपली लॅन केबल असते. लॅन पोर्टमधला छोटा ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टपर्यंतच्या चाचणीसाठी बनवलेला असतो, त्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. फायबर घातली की ती वाटच राहत नाही.

मात्र एक गोष्ट मुद्दाम पाहून घ्या. बाजारात मिळणाऱ्या काळ्या चपट्या ड्रॉप केबलच्या कडेला एक पोलादी तार असते आणि आर्मर्ड केबलला तर सबंध धातूचे कवच असते. काच कितीही विजेला दाद न देणारी असली, तरी ही तार दाद देते. ड्रॉप केबल वापरली, तर पोलादी तार सोलून बाहेरच्या भिंतीवरील हुकालाच अडकवून संपवावी, आत फक्त फायबरचा भाग घ्यावा. शक्य असेल तर धातूविरहित केबलच मागावी. आणि फायबर झाली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण कन्व्हर्टरचा अ‍ॅडॉप्टर महावितरणच्या लाइनवरच असतो. दोन्ही इमारतींचे अर्थिंग तपासून घ्या आणि वितरण फळीवर विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवा.

प्रश्न : इंटरनेट बदलल्यामुळे माझ्याकडे आणि शेजाऱ्याकडे फायबरचे जुने ओएनटी (इंटरनेट कंपनी घरी बसवते तो फायबरचा डबा) पडून आहेत. ते एकमेकांना जोडून मीडिया कन्व्हर्टर म्हणून वापरता येतील का? (सांगलीतील एक वाचक)

उत्तर : येणार नाहीत. जीपॉनचा (घरोघरी फायबरने इंटरनेट देण्याच्या पद्धतीचा) ओएनटी १४९० नॅनोमीटरवर ऐकतो आणि १३१० वर बोलतो, तेही कंपनीच्या केंद्रातील यंत्राने त्याची पाळी दिली तरच. दोन ओएनटी समोरासमोर जोडले, तर दोघेही पाळीची वाट पाहत राहतील. त्यांचे अ‍ॅडॉप्टर मात्र जपून ठेवा, व्होल्टेज जुळले तर ते एखाद्या स्विचला उपयोगी पडतील.