कानगोष्टी : रहस्य ऐकावं कसं?

गेल्या अंकात मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करते, त्याबद्दल लिहिलं होतं. वाटलं, पत्रं येतील ती अभ्यासाच्या पुस्तकांबद्दल. आली ती शेरलॉक होम्स आणि समुद्री चाच्यांबद्दल. बरंच झालं. इतिहासाच्या गाइडपेक्षा ते वाचायला मलाही जास्त आवडतं.

ताई, यजमानांची नजर अधू झाली आहे. आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या, आता वाचवत नाही. मुलाने मोबाइलवर ऑडिओबुक लावून दिलं, पण दहा मिनिटांत घोरायला लागतात आणि जाग आली की ‘खून कुणाचा झाला?’ हे मलाच विचारतात. काय करावं?
— एक वाचक, सांगली

यजमानांना म्हणावं, ऐकता ऐकता झोपणाऱ्यांचा मेळावा भरवला तर मैदान पुरणार नाही. पलंगावर आडवं होऊन ऐकणं आधी बंद करा. ताठ पाठीच्या खुर्चीत बसवा आणि हातात काहीतरी द्या. लसूण सोलणं, शेंगा फोडणं, गवार मोडणं, ज्याला नजर लागत नाही असं कुठलंही. हात चालू असले की कान जागे राहतात. तुमची भाजीही होऊन जाईल.

मुलाने बहुतेक मोठी कादंबरी लावून दिली असणार. कादंबरी नंतर. आधी होम्सच्या लघुकथा. १८९१ च्या जुलैपासून त्या लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात येऊ लागल्या. क्रमशः कादंबरीचा एक अंक हुकला की वाचक सुटतो, हे होम्सचा लेखक कॉनन डॉयलने बरोबर हेरलं होतं. म्हणून नायक तोच, पण गोष्ट त्याच अंकात पूर्ण, अशी सोय त्याने केली. मासिकाच्या वाचकासाठी केलेली ही सोय आज ऐकणाऱ्याच्याही कामी येते. बहुतेक कथा पाऊण-एक तासात ऐकून होतात, आणि आहेत एकूण ५६. आठवड्याला एक धरली तरी वर्षभराची बेगमी झाली.

नावांचं मात्र बघावं लागतं. छापील पुस्तकात ‘हा कोण बरं?’ असं झालं की दोन पानं मागे जाता येतं. ऐकताना माणूस तसाच पुढे जात राहतो आणि गोंधळ वाढत जातो. झोप तिथूनच शिरते, असं माझं निरीक्षण आहे. त्यामुळे सुरुवातीला जी नावं येतील, ती थांबवून एकदा मोठ्याने घोका. त्यांना थोडंफार दिसत असेल तर जाड मार्करने कागदावर लिहून समोर ठेवा.

वेग कमी करू नका. म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणून मुलं हटकून ०.८ वर ठेवतात. त्याने शब्द ताणले जातात आणि वाचणारा भूल दिल्यासारखा बोलू लागतो. त्यापेक्षा स्वच्छ उच्चारांचा वाचक निवडा. ॲपमध्ये स्लीप टायमर असतो, तो वीस मिनिटांवर ठेवा, म्हणजे झोप लागलीच तर गोष्ट फार पुढे पळणार नाही.

आणि उलगडा सुरू व्हायच्या आधी थांबवून दोघं भांडा की गुन्हेगार कोण. छापील रहस्यकथेचं शेवटचं पान आधी बघून ठेवणारे नवरे मी पाहिलेत. इथे ते जमत नाही. (खरं तर स्क्रीनवरची रेघ बोटाने पुढे सरकवली की जमतं. त्यांना शिकवू नका.)

लघुकथा अंगवळणी पडल्या की विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ घ्या. १८६८ ची कादंबरी. हिरा मूळचा सोमनाथच्या देवळातला, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा एका इंग्रज अधिकाऱ्याने लाटलेला. लांबलचक आहे, पण ती एकामागून एक साक्षीदार आपापल्या तोंडाने सांगतात : आधी घरचा म्हातारा कारभारी, मग एक कमालीची धार्मिक, आगाऊ बाई, मग वकील. प्रत्येकाला वेगळा वाचक असलेली आवृत्ती मिळाली तर कोण बोलतंय हे कान आपोआप ओळखतो.

मी नववीत आहे. मला साउंड इफेक्टवाल्या गोष्टी आवडतात : दार करकरतं, वीज कडाडते. आई म्हणते एकाच माणसाने वाचलेलं ऐक, डोकं चालतं. कोण बरोबर?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

आईला सांग, नभोनाट्य ऐकून आमच्या पिढीचं डोकं बंद पडलं नाही. पण तुला एक प्रयोग देते, तो करून मग मला कळव.

होम्सची ‘द स्पेकल्ड बँड’ ही कथा घे. शेवटाकडे होम्स आणि गोष्ट सांगणारा त्याचा मित्र वॉटसन एका खोलीत रात्रभर दबा धरून बसतात. दिवा नाही, बोलायचं नाही, जरा आवाज झाला तर सगळा डाव फसणार. आता डॉयलने कानासाठी काय काय ठेवलंय बघ. गावातल्या चर्चचं घड्याळ दर पाव तासाला ठोके देतं. मध्येच रात्रीचा पक्षी ओरडतो. एकदा खिडकीशी मांजरासारखं लांबलचक गुरगुरणं येतं, कारण त्या घराच्या मालकाने चित्ता पाळलाय आणि तो मोकळा आहे. बारा वाजतात, एक, दोन, तीन. मग किटलीतून वाफ सुटत राहावी तसा अगदी मऊ आवाज. त्यानंतर हलकी शिट्टी. पुढचं सांगणार नाही.

इफेक्टवाल्यांना ही मेजवानीच. ठोके, पक्षी, चित्ता, शिट्टी, सगळं वाजवता येतं. पण त्या वाफेच्या आवाजाआधी आणखी दोन गोष्टी घडतात : झरोक्यातून क्षणभर उजेड चमकतो आणि जळत्या तेलाचा वास येतो. उजेड आणि वास वाजवणार कसा? एरवी नाटकात पात्र म्हणालं असतं, ‘अरे, कसला वास येतोय?’ इथे तर दोघांनाही तोंड उघडायची बंदी! मग वॉटसनलाच निवेदक होऊन सांगावं लागतं, म्हणजे शेवटी गाडी एका माणसाच्या वाचनावर येतेच.

साधं वाचन आणि नाट्यरूप दोन्ही ऐक. आधी वाचन, मग नाटक, हाच क्रम ठेव. बीबीसी रेडिओने १९८९ ते १९९८ या काळात होम्सच्या चारही कादंबऱ्या आणि सगळ्या ५६ कथांची नभोनाट्यं केली. क्लाइव्ह मेरिसन होम्स, मायकेल विल्यम्स वॉटसन. त्यातला वॉटसन मला फार आवडतो, कारण तो बावळट नाही. ऑर्सन वेल्सने १९३८ च्या जुलैमध्ये अमेरिकन रेडिओवर समुद्री चाच्यांचं ‘ट्रेझर आयलंड’ एका तासात बसवलं आणि गोष्ट सांगणारा मोठेपणीचा जिम आणि चाच्यांचा म्होरक्या लाँग जॉन सिल्व्हर ही दोन्ही कामं स्वतःच केली. तेही मिळव. बंगाली कळत असेल तर कोलकात्याच्या रेडिओ मिर्चीचा ‘संडे सस्पेन्स’ २००९ पासून चालू आहे. तिथे संगीत जरा जास्त होतं, पण वाचणारे पक्के आहेत.

माझा कल विचारशील तर आईकडे. इफेक्ट चांगला असला तरी वाईट वाचकाला वाचवू शकत नाही. चांगल्या वाचकाला त्याची गरज कधीतरीच पडते.

एकाच पुस्तकाची चार-पाच रेकॉर्डिंगं दिसतात. निवडायचं कसं?
— एक वाचक, नागपूर

पहिलं मिनिट ऐकून कधीच ठरवू नका, तिथे सगळेच जपून वाचतात. पुस्तकाच्या मध्यावर जा आणि तीन माणसं बोलत असलेला प्रसंग ऐका. ‘तो म्हणाला’ हे शब्द गाळूनही कोण बोलतंय ते कळलं पाहिजे, आणि त्यासाठी वाचणाऱ्याने बाईचा आवाज चिरका काढलेला नसावा. लिब्रिवॉक्सवर हे खास तपासा. २००५ पासून जगभरचे स्वयंसेवक तिथे स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचून फुकट ठेवतात. त्यामुळे शेजारी शेजारी एक अस्सल नट आणि एक सर्दी झालेले गृहस्थ सापडतात. मराठीसाठी स्टोरीटेल या ॲपवर रहस्य आणि भय दोन्ही भरपूर आहे, तिथेही हीच कसोटी.

मुलगा दहा वर्षांचा, इंग्रजी माध्यमाचा. ‘ट्रेझर आयलंड’ ऐकवायला घेतलं, पण जहाजावरचे शब्द आणि चाच्यांची बोली त्याला झेपत नाही. शिवाय त्यातल्या आंधळ्या चाच्याला, प्यूला घाबरला. बंद करू का? आम्ही मूळचे मालवणचे, आता ठाण्यात.
— एक आई, ठाणे

अजिबात बंद करू नका! हे पुस्तक जन्मलंच मुळी ऐकवण्यासाठी. १८८१ चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, पाऊस काही थांबेना. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्याचा सावत्र मुलगा लॉइड घरात अडकलेले. चित्रं रंगवता रंगवता स्टीव्हन्सनने एका बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून गोष्ट निघाली. सकाळी लिहायचं आणि जेवणानंतर घरच्यांना वाचून दाखवायचं, असा त्याचा रतीब सुरू झाला. श्रोत्यांत सर्वात उत्साही निघाले स्टीव्हन्सनचे वडील, जे दीपगृहं बांधणारे इंजिनिअर होते. गोष्टीतल्या बिली बोन्स या खलाशाच्या पेटीत काय काय असेल याची यादी त्यांनी एका जुन्या कायदेशीर लिफाफ्याच्या पाठीवर लिहून दिली. चाच्यांचा कप्तान फ्लिंट याच्या जहाजाचं नाव ‘वॉलरस’ हवं, हा हट्टही त्यांचाच. म्हणजे श्रोत्याने मध्येच तोंड घालणं या गोष्टीच्या परंपरेतच बसतं. तुम्हीही घाला.

एक प्रकरण लावा, मध्ये थांबवा, मराठीत सांगा, पुन्हा लावा. शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, नांगर हे शब्द घरात कुणाला येत असतील तर त्या व्यक्तीला शेजारी बसवा. आजोबा असतील तर उत्तमच. मालवणच्या माणसाने इंग्रजी जहाजाला बिचकायचं काही कारण नाही.

सफरचंदाच्या पिंपाच्या प्रकरणापर्यंत त्याला न्याच. जिम सफरचंद काढायला जातो. पिंप जवळजवळ रिकामं, म्हणून आतच उतरतो आणि अंधारात, लाटांच्या आवाजात पेंगतो. तेवढ्यात कुणीतरी बाहेरून पिंपाला पाठ टेकून बसतं आणि बोलू लागतं. आवाज सिल्व्हरचा. पुढचा सगळा कट जिमला फक्त ऐकू येतो, दिसत काही नाही. कानाला हेडफोन लावून बसलेल्या मुलाची आणि जिमची अवस्था तिथे एकच असते. पुस्तकापेक्षाही हे प्रकरण ऐकण्यात जास्त चढतं.

प्यूचं म्हणाल तर, गोठलेल्या रस्त्यावर त्याच्या काठीची टकटक जवळ येते, तिथे मोठी माणसंही सावरून बसतात. ते दिवसा ऐकवा. माझ्याकडे येणाऱ्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीचा प्यू भलता लाडका आहे. म्हणते, “ताई, एका तरी गोष्टीत आंधळा माणूस बिचारा नाहीये!”

या जुन्या साहसकथांत आपल्याकडचं काही असतं का, की सगळं धुकं आणि बग्ग्या?
— एक वाचक, चाळीसगाव

तुमच्या दारावरून गेलंय! ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’मध्ये फिलियस फॉग मुंबईला उतरतो आणि रात्री आठच्या गाडीने कोलकात्याकडे निघतो. त्याआधी त्याचा नोकर मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि पुढे हे प्रकरण चांगलंच शेकतं. गाडी ठाण्यावरून, घाट चढून, नाशिक मागे टाकून खानदेशातून बऱ्हाणपूरकडे जाते. व्हर्न भारतात कधीच आला नव्हता, पण त्याने त्या काळच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मार्ग बरोबर धरलाय. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला. कुणीतरी तो फर्मास वाचून रेकॉर्ड करायला हवा. चाळीसगावहून मनमाडला जाताना गाडीत ऐकायला याहून योग्य गोष्ट मला तरी सुचत नाही.

मी निवृत्त शिक्षिका. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक रहस्यकथा वाचून टाकायचा विचार आहे. बाबूराव अर्नाळकर किंवा होम्सची मराठी भाषांतरं चालतील का? आणि मोबाइलवर चांगलं रेकॉर्डिंग कसं करायचं?
— एक वाचक, रत्नागिरी

बाई, आधी कायदा. आपल्याकडे लेखक गेला की पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. डॉयल १९३० मध्ये गेला, म्हणजे मूळ इंग्रजी होम्स भारतात कधीच मोकळा झाला. पण भाषांतराचा हक्क वेगळा, तो भाषांतरकाराच्या मृत्यूपासून मोजायचा. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे २०५६ संपेपर्यंत परवानगी हवी. दृष्टिहीनांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने सवलत आहे : नफा न घेता, फक्त त्यांच्याच वापरासाठी असेल तर हक्कातली पुस्तकंही रेकॉर्ड करता येतात. माझं काम त्यातच चालतं. तुमचा कॉलनीचा ग्रुप त्यात बसत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, मूळ होम्स घ्या आणि स्वतःच्या मराठीत उतरवून वाचा. मग ते तुमचं.

आता रेकॉर्डिंग. पंखा बंद, फ्रिजची खोली टाळा, खिडकी लावा. कपाट उघडून टांगलेल्या साड्यांकडे तोंड करून बसलात तर आवाज घुमत नाही. मोबाइल तोंडासमोर धरू नका, जरा बाजूला ठेवा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवा माइकवर आदळते आणि ऐकणाऱ्याच्या कानात फटका बसतो. वाचायच्या आधी दुधाचा चहा नको, तोंडात चिकचिक होते आणि ती हेडफोनमध्ये भयानक ऐकू येते. कोमट पाणी प्या. पानाच्या शेवटी वाक्य अर्धं राहत असेल तर पुढचे शब्द खाली पेन्सिलने लिहून ठेवा, म्हणजे पान उलटताना घाई होत नाही.

चुकलात तर थांबवू नका. दोन सेकंद गप्प बसा, वाक्य पहिल्यापासून वाचा, चुकलेलं नंतर कापा. आणि रहस्याच्या जागी आवाज चढवायचा मोह आवरा. कुजबुजूही नका, मोबाइलवर कुजबुज कुणालाच ऐकू येत नाही. फक्त वेग किंचित कमी करा. पहिली कथा ग्रुपवर टाकण्याआधी मला पाठवा, ऐकून कळवते.