बारावीनंतर पर्यावरणशास्त्र घेऊ की भूशास्त्र?

तू लिहिलंयस की बारावी सायन्सला ७१ टक्के पडले, नीटचा नाद सोडलास आणि आता पुण्यात बी.एस्सी.साठी या दोन विषयांत अडकली आहेस. वडील म्हणतात, ‘दगडधोंडे शिकून काय करणार?’ आणि आईला मुलीनं डोंगरात हिंडायची धास्ती. बारावीची आहेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

भूशास्त्र घे. हे मी स्वतः पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करून सांगतेय.

पहिली गोष्ट प्रवेशाच्या नियमांची. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी विज्ञानाचा कुठलाही पदवीधर चालतो. माझ्या वर्गात बॉटनीवाले होते, केमिस्ट्रीवाले होते, जिऑलॉजीचे, म्हणजे भूशास्त्राचेही, दोघं होते. उलट भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.मध्ये भूशास्त्र असावंच लागतं. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा असते, तिथंही हीच रड. म्हणजे आज भूशास्त्र घेतलंस तर तीन वर्षांनी पर्यावरणाकडे सहज वळशील. पर्यावरण घेतलंस तर इकडे यायला वाट जवळजवळ नाही. मला हे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

भूशास्त्राची उणीव मला कशी जाणवली, तेही सांगते. प्रोजेक्टसाठी अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत पाण्याचे नमुने घेत होते. हातपंपाचं पाणी तोंडात धरवत नव्हतं, मीटरवर क्षारांचा आकडा भलताच. मी वही काढून एका आजोबांना विचारलं, जवळपास कुठला कारखाना आहे? ते हसायलाच लागले. ‘कारखाना कायचा बाई, आमच्या आज्याच्या काळापासून खारंच पानी हाये हे.’ अकोला, अमरावती, बुलडाणा या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात, हे तिथल्या शाळकरी पोरांना ठाऊक होतं. नदीनं आणलेल्या चिकण गाळाचे जाड थर, त्यांत मुरलेले क्षार, आणि तेच विहिरीत उतरतात. प्रदूषण म्हटलं की मला धुराडं आणि नाला एवढंच दिसायचं. जमीन स्वतःच पाण्यात काहीतरी सोडत असते, हे पाच वर्षांत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. चंद्रपूर-यवतमाळकडचं फ्लोराइडही असंच, खडकातून येतं. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोरांच्या दातांवर डाग दिसायला लागतात.

पुढं भूजलाच्या कामात पडले तेव्हा भूशास्त्र उसनं शिकले, विहिरी खणणाऱ्यांकडून आणि सहकाऱ्यांकडून. आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा. विहिरीत उतरलीस की ते थर भिंतीवर वाचता येतात: वर माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा सच्छिद्र खडक, खाली काळा पाषाण, मध्येच एखादा गेरूसारखा तांबडा पट्टा. पाणी भोकांत आणि भेगांत; सलग काळ्या पाषाणात जवळपास नाहीच. म्हणून एकाच वस्तीत हाकेच्या अंतरावरच्या दोन विहिरींपैकी एकीत शौचालयाच्या टाकीचं नायट्रेट सापडतं आणि दुसरी स्वच्छ असते. नुसत्या प्रयोगशाळेच्या कागदावरून हे उलगडत नाही. भेग कुठल्या दिशेला जाते, ते बघावं लागतं.

आता अभ्यासाचं. पर्यावरणशास्त्रात सगळं थोडं थोडं असतं: परिसंस्था, रसायन, विषशास्त्र, कायदे. १९७४ चा पाणी कायदा, १९८१ चा हवेचा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा हे पाठच होतात. प्रॅक्टिकलला पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा, पाच दिवस बाटली २० अंशांवर ठेवायची, गवतात चौकट टाकून झाडं मोजायची. वाईट नाही, पण खोली कमी. भूशास्त्रात सुरुवातीला जाम कंटाळा येतो म्हणतात. लाकडी स्फटिकांचे नमुने फिरवत बसायचं, खनिजांची नावं घोकायची. पण सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप पाहिलास की मला काय म्हणायचंय ते कळेल. एका मैत्रिणीनं मला दाखवला होता. रस्त्यावरची साधी काळी खडी आत पट्ट्यापट्ट्यांची, निळी, नारिंगी. स्टेज, म्हणजे काप ठेवायची चकती, फिरवली की रंग विझतात, परत येतात. तो खडीचा तुकडा होता यावर माझा विश्वासच बसेना.

वडिलांना काय सांगशील? केंद्रात जिऑलॉजिकल सर्व्हे आणि केंद्रीय भूजल मंडळ, त्यांची भरती यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून होते. भूशास्त्रज्ञाच्या पदाला भूशास्त्राची किंवा त्याला अगदी लागून असलेल्या विषयाची एम.एस्सी. लागते. जागा मोजक्या, स्पर्धा दांडगी, हे लपवत नाही. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, विदर्भात कोळसा आणि मँगनीजच्या खाणी आहेत. बोगदे, धरणं, घाटरस्ते यांनाही माणूस लागतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तेव्हापासून कुठला उतार सुटेल हा प्रश्न नुसता परीक्षेतला राहिलेला नाही. पर्यावरणवाल्यांना मुख्यतः सल्लागार कंपन्या, कारखान्यांचे सुरक्षा-पर्यावरण विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचे अहवाल करावे लागतात, आणि त्यांत भूजल व भूशास्त्र यांचे तज्ज्ञ वेगळे असतात. तिथंही भूशास्त्रवाली चालते. दोन्हीकडे पहिला पगार ऐकून घरात शांतता पसरेल, तयारी ठेव.

आईची काळजी अगदीच खोटी नाही. फील्डवर दिवसभर ऊन, आणि स्वच्छतागृह कुठंच नसतं. आम्ही सकाळी पाणी कमी प्यायचो, जे मूर्खपणाचं होतं आणि एकदा चांगलंच भोवलं. पण टूरला वर्ग एकत्र असतो, सर-मॅडम सोबत असतात. आईला कॉलेजात घेऊन जा आणि तिथल्या थर्ड इयरच्या मुलींशी बोलू दे. माझ्या उत्तरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

त्याच फेरीत दोन गोष्टी विचारून घे. वर्षाला फील्डचे दिवस किती, आणि सूक्ष्मदर्शक किती पोरांत एक. पुण्यात फर्ग्युसनला भूशास्त्र आहे, पुढं विद्यापीठाचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत झेवियर्स, आणि नागपूर, अमरावती विद्यापीठांतही विभाग आहेत. फी आणि जागा यंदाच्या माहितीपत्रकात बघ, माझा काळ गेला.

आणि हो, प्रवेश झाला की लगेच हातोडा विकत घेऊ नकोस, तो विभागात मिळतो. भिंग मात्र स्वतःचं घे, दहापट मोठं दाखवणारं, दोरी लावून गळ्यात अडकवता येईल असं. वर्गातलं सामाईक भिंग प्रत्येक वेळी नेमकं दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशात असतं.