कॉन्टॅक्टर सुटला की पीएलसीचा काउंटर आपोआप वाढतो, कॉइलला डायोड लावू का?

हिंगणा एमआयडीसीतल्या तुमच्या पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल २३० व्होल्ट एसी आहे ना, मग डायोड नकोच. एसी कॉइलवर तो अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट होतो. डायोड फुटेल, सोबत पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) आउटपुटही जाईल.

आधी दोष कुठला ते पक्कं करा. सप्लाय बंद करून मोटरच्या तिन्ही वायरी कॉन्टॅक्टरवरून काढा, मग नुसता कॉन्टॅक्टर ओढून सोडा. काउंटर तरीही वाढला तर कॉइलच दोषी. नाही वाढला तर मोटरच्या बाजूला बघा.

कॉइलचा करंट तुटला की तिच्यात साठलेली ऊर्जा शेकडो व्होल्टचा झटका बनून बाहेर पडते आणि कॉन्टॅक्टवर ठिणग्या पाडते. त्यांचा गोंगाट शेजारच्या सेन्सरच्या वायरीत उतरतो. उपाय स्वस्त आहे: १०० ओहम, १ वॉट रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ (मेन्सवर थेट चालणारा) कॅपॅसिटर सिरीजमध्ये, थेट कॉइलच्या दोन टोकांवर, म्हणजे ए१-ए२ वर. साधा डीसी रेटिंगचा कॅपॅसिटर घेऊ नका. कॉन्टॅक्टरच्याच कंपनीचा वर बसणारा तयार सप्रेसर मिळाला तर उत्तम. एमओव्ही (व्होल्टेज ठराविक मर्यादेपुढे गेलं की वाहू लागणारा घटक) फक्त झटक्याचा शेंडा छाटतो, व्होल्टेजचा चढ मऊ करत नाही. म्हणून एकटा एमओव्ही बरेचदा पुरत नाही.

जोडणी कॉइलवरच हवी. पीएलसीच्या टोकाला लावली तर मधली सगळी वायर अँटेनासारखी वागते. आउटपुटच्या कॉन्टॅक्टवर तर लावूच नका: ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला साधारण ७ मिलिअँपिअर गळतात, तेवढ्यावर छोटा रिले सुटतच नाही.

पॅनेलमधल्या २४ व्होल्ट डीसी रिलेंना मात्र १एन४००७ डायोड चालतो, पट्टी पॉझिटिव्हकडे. किंमत एवढीच की रिले उशिरा सुटतो. ब्रेक किंवा व्हॉल्व्ह असेल तिथे हा उशीर नको. अशा ठिकाणी डायोडसोबत २४ व्होल्टचा झेनर (ठराविक व्होल्टेजला उलटाही वाहणारा डायोड) उलट्या दिशेने सिरीजमध्ये टाका. तेव्हा ट्रान्झिस्टर आउटपुटवर जवळपास ५० व्होल्ट येतात, ते त्याला झेपतात का हे डेटाशीटमध्ये आधी बघा.

सेन्सरची केबल पॉवरच्या डक्टमधून जात असेल तर तीही वेगळी काढा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. इनपुट फिल्टर १० मिलिसेकंद करून बघता येईल, पण सेकंदाला ५० च्या आसपास पल्स येत असतील तर खरेच पल्स गळतील.