आवळलेलं टर्मिनल पुन्हा सैल का होतं?

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी आहे. सहा महिन्यांपूर्वी नवी बॅटरी बसवली. तेव्हापासून अधूनमधून सेल्फ मारला की नुसतं ‘टक’ होतं आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझतात. बॉनेट उघडून बॅटरीवरची वायर हलवली की गाडी लगेच सुरू होते. गॅरेजमध्ये दोनदा नट आवळून घेतला, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, तरी ती बदलायला सांगतात. बदलू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नका बदलू. वायर हलवल्यावर गाडी सुरू होते, म्हणजे बॅटरीत ताकद आहे; ती स्टार्टरपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंत, पोचत नाही. आतल्या दिव्यांना थोडेसे अँपिअर पुरतात, म्हणून सैल सांध्यातूनही ते लागतात. स्टार्टरला छोट्या गाडीतही १०० ते २०० अँपिअर लागतात. सांध्यात अवघा ०.०२ ओहम रोध असला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. ०.०५ ओहम झाला की हिशेबाने साडेसात व्होल्ट जातात, म्हणजे स्टार्टर फिरणारच नाही.

आधी दोष नेमका कुठे आहे ते मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर मधोमध टेकवा, दुसरं त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर (वायरच्या टोकाची, खांबाला आवळणारी पकड), आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर सांधा ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष तिथेच. दुसऱ्या खांबावरही हेच करा. दोन्ही ठीक निघाले, तर निगेटिव्ह खांब आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजा. तिथे आकडा मोठा आला तर अर्थची वायर (निगेटिव्ह खांबापासून निघणारी) बॉडीला किंवा इंजिनला जिथे बोल्टने बसते तिथे गंज आहे. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत ही शंका आवर्जून घ्यावी.

तुमच्या बाबतीत मात्र ‘नवी बॅटरी बसवली तेव्हापासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. क्लॅम्पच्या दोन ओठांमधली फट पाहा. ओठ एकमेकांना टेकले असतील, तर नट कितीही आवळा, जोर ओठांवरच जातो. खांबाला पकड मिळतच नाही. दोनदा आवळून उपयोग झाला नाही तो बहुधा यामुळेच. कारण खांबाच्या जाडीत असतं. जपानी मापाच्या बॅटऱ्यांमध्ये बारीक आणि जाड अशा दोन्ही जाती आहेत. बारीक पॉझिटिव्ह खांब बुडाशी साधारण १४.७ मिलिमीटरचा, निगेटिव्ह १३ चा. जाड खांब अनुक्रमे १९.५ आणि १७.९ चे. बॅटरीवर ‘३८बी२०एल’ लिहिलं असेल तर बारीक, शेवटी ‘एस’ जोडून ‘३८बी२०एलएस’ असेल तर जाड. जुन्या आणि नव्या बॅटरीचे नंबर ताडून पाहा. जाडी सारखीच निघाली, तर क्लॅम्प ताणून फाकला आहे असं समजा.

उपाय दोन. खांबाच्या जाडीचा नवा क्लॅम्प बसवणं हा पक्का उपाय. नाहीतर खांबावर चढणारं शिशाचं निमुळतं कडं बॅटरीच्या दुकानातून आणा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हची कडी वेगळी असतात, अदलाबदल करू नका. फटीत खिळा, तार किंवा चांदीचा कागद कोंबू नका. अशा पाचरीने दोन-चार ठिपक्यांवरच स्पर्श होतो, तिथून दीडशे अँपिअर गेले की ती जागा तापते आणि मऊ शिशाचा खांब वितळू लागतो.

काम असं करा. इंजिन बंद, किल्ली काढलेली, गाडी नुकती चालवली असेल तर बॉनेट उघडं ठेवून थोडा वेळ थांबा; चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने तो पेटतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह सुटलेला असेल तर काही होत नाही. क्लॅम्प अडकला तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, खांबाच्या बुडाशी झाकण तडकतं. खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. क्लॅम्प हाताने दाबून पूर्ण खाली बसवा, हातोडी नको. आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. नटला ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे छोटा पाना मनगटाच्या जोराने. आता क्लॅम्प हाताने पिळून पाहा, जरासुद्धा फिरता कामा नये. मग वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, आधी नाही. निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सरची छोटी डबी असेल तर तिला पिळू-ठोकू नका.

आणि बॅटरी स्वतः ट्रेमध्ये हलते का ते बघाच. तिची पट्टी ढिली असेल तर प्रत्येक खड्ड्यात बॅटरी वायरला हिसका देते. वायर काढल्यामुळे घड्याळ शून्यावर येईल, काही गाड्यांत रेडिओचा कोड मागेल. तो आधी शोधून ठेवा.

प्रश्न : पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरी-निळी बुरशी येते. गरम पाण्याने धुतो, महिन्याभरात पुन्हा येते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ती बुरशी नव्हे, क्षार आहेत. आम्लाने शिशाचा पांढरा आणि तांब्याचा निळा-हिरवा सल्फेट होतो. गरम पाणी क्षार धुतं, आम्ल मारत नाही. कपभर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून ब्रशने लावा, फेस थांबला की साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सेलची बुचं घट्ट हवीत. सोडा आत गेला तर बॅटरीतलं आम्लच कमी होतं. हातमोजे आणि चष्मा वापरा.

तरीही महिन्याभरात परत आलं तर खांबाच्या बुडाशी भेग आहे का पाहा, आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.५ च्या आसपास हवं. सतत १५ च्या वर असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तपासून घ्या. जास्त चार्ज झाल्याने आम्लाचे तुषार बाहेर पडतात.

प्रश्न : इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, ही तपासणी बरोबर का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अजिबात करू नका, कोणाला करूही देऊ नका. अल्टरनेटर इंजिनच्या जोरावर वीज बनवतो आणि बॅटरी त्याच्या व्होल्टेजला धरून ठेवते. ती अचानक तुटली की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं आणि डायोड, इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो. सैल टर्मिनलनेही चालत्या गाडीत खड्ड्याखड्ड्याला हेच घडू शकतं. अल्टरनेटर तपासायचा तर वायर न काढता, हेडलाइट आणि पंखा लावून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. इंजिन थोडं रेस करूनही ते १३ च्या खाली राहिलं, तर बेल्ट आणि अल्टरनेटर दाखवा.