कॉलेज गाजवणारे बास्केटबॉलपटू जी लीगमध्ये गेल्यावर एवढे का ढेपाळतात? करार मिळाला की भूक संपते का?

नाही, भूक संपत नाही. कॉलेजात सामन्याला 20-22 पॉइंट मारणारा मुलगा जी लीगमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगच्या खालच्या लीगमध्ये, 6-7 वर का येतो, हा तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग रास्त आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते कोडंच वाटणार. पण पुढचं वाक्य वाचलं आणि ठरवलं की आज लिहायचंच. कारण 'याची भूक संपली' हे मी अशा एका मुलाबद्दल ऐकलंय, ज्याच्या घोट्याला मी रोज टेप बांधत होते.

मी फिजिओ. मूळची सांगलीची, शिवाजी विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेली. पुढे अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स केलं आणि 2019 च्या आसपास जी लीगच्या एका संघात काम केलं. संघाचं आणि मुलाचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.

हा मुलगा एका मधल्या फळीतल्या विद्यापीठाचा हिरो होता. शेवटच्या वर्षी तिथला सगळा खेळ त्याच्याभोवती बांधलेला. बॉल वर आणणार हा, स्क्रीन लागणार याच्यासाठी (म्हणजे सहकारी समोरच्या डिफेंडरची वाट अडवणार), शेवटचा शॉट याचा. तीन शॉट चुकले तरी चौथाही याचाच. समोर भरलेलं स्टेडियम, बँड, कॅम्पसवर याचे फोटो. एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये मात्र नाव आलं नाही. एका एनबीए संघाच्या सराव शिबिरात थोडे दिवस काढले, तिथून सोडलं आणि तो आमच्याकडे आला.

पहिल्याच सरावात त्याला सांगितलं गेलं, कॉर्नरला उभा राहा. बॉल आला तर लगेच मार. नाही आला तर जागा सोडू नकोस. आणि डिफेन्सला समोरचा सगळ्यात चपळ गार्ड तुझा. झालं, एवढंच काम. ज्या मुलाने आयुष्यभर बॉल हातात ठेवून खेळ केला, त्याला आता बॉल हातात नसताना उपयोगी पडून दाखवायचं होतं. पॉइंट कमी होण्याचं अर्धं कारण इथेच संपतं.

उरलेलं कारण खेळायला मिळणाऱ्या मिनिटांत आहे, आणि ती मिनिटं कशी वाटली जातात हे भारतात बसून आकडे बघणाऱ्याला दिसत नाही. जी लीगचे जवळजवळ सगळे संघ कुठल्या ना कुठल्या एनबीए संघाचे आहेत. वरून सरावासाठी खाली पाठवलेला खेळाडू आला की तो खेळणारच, कारण मालकाची गुंतवणूक त्याच्यात आहे. त्याच्यानंतर टू-वे करारवाले, म्हणजे एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळू शकणारे. हा प्रकार 2017 मध्ये सुरू झाला आणि आता प्रत्येक एनबीए संघ असे तीन ठेवू शकतो. त्यानंतर बाकीचे. सोमवारी 30 मिनिटं खेळलेला मुलगा बुधवारी 8 मिनिटं खेळतो आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. बुधवारी सकाळी वरून कोणीतरी आलेलं असतं, इतकंच.

नियमांचा फरक तुम्हाला माहीत असेलच, म्हणून भरभर सांगते. शॉट क्लॉक, म्हणजे बॉल हातात आल्यावर शॉट मारायला मिळणारा वेळ, कॉलेजात 30 सेकंदांचा, इथे 24 चा. तीन पॉइंटची रेष तिथे 22 फूट पावणेदोन इंचांवर, इथे समोरून 23 फूट 9 इंचांवर. कॉलेजात झोन लावून, म्हणजे माणसाऐवजी जागा राखून, बास्केटखाली गर्दी करता येते. इथे कोणाला धरून नसलेला डिफेंडर बास्केटखालच्या रंगवलेल्या भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही, म्हणजे मदत उशिरा येते आणि तुमच्या माणसाला तुम्हालाच अडवावं लागतं. कॉलेजात लपलेलं पायांचं काम इथे उघडं पडतं.

आता तो प्रसंग. डिसेंबरमध्ये विंटर शोकेस असतो. सगळे संघ एका ठिकाणी जमतात आणि एनबीएच्या सगळ्या संघांची माणसं बघायला येतात. टू-वे नसलेल्या मुलासाठी हे चार दिवस म्हणजे अख्खा मोसम. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या मुलाचा डिफेन्स अचानक घसरला. व्हिडिओ मीटिंगमध्ये एका सहायक प्रशिक्षकाने त्याच्या क्लिपा लावल्या. शूटरपर्यंत पोचायला उशीर, वळायला उशीर. शेवटी दिवे लावून, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "करार मिळाला, आता याची भूक संपली." मुलगा खाली मान घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळावर जायचं होतं. (जी लीगचे संघ साध्या प्रवासी विमानांनी जातात, स्वस्तातलं पहिलं उड्डाण, बहुतेकदा मध्ये एक बदली.) पहाटे चारला मी बसजवळ गेले, तर हा एकटा आत बसलेला. बाकी सगळे अजून लॉबीत पेंगत होते. चालताना कोणी बघू नये म्हणून तो आधी येऊन बसला होता. विमानतळावर मी त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, बूट काढायला लावला. सूज घोट्याच्या बाजूला नव्हती, वर होती. नडगीच्या मधोमध दोन्ही हाडं हातांत धरून दाबली आणि कळ खाली घोट्याच्या वर गेली. नेहमीच्या मुरगळण्यात असं होत नाही. हे वरचं, दोन हाडांना बांधून ठेवणारं अस्थिबंध दुखावल्याचं लक्षण. साधा मुरगळलेला पाय पंधरा दिवसांत बरा होतो; याला सहा आठवडे लागतात, कधी जास्तच.

तो म्हणाला, "शोकेस होऊ दे. तोवर अहवालात लिहू नकोस. घट्ट बांध, मी खेळतो."

मी लिहिलं. ते माझं काम होतं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. बैठकीत मी त्याच क्लिपा परत लावल्या आणि दाखवलं, प्रत्येक क्लिपमध्ये उजव्या पायावर जोर द्यायची वेळ आली की अर्धं पाऊल उशीर, डाव्या पायावर मात्र बरोबर वेळेत. भूक संपलेला माणूस एकाच पायाने आळशी होतो का? त्यावर तो गृहस्थ म्हणाला, पाय सगळ्यांचेच दुखतात, प्रश्न वृत्तीचा आहे. मी उठून बाहेर आले. त्यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

मुलाचा शोकेस गेला. तो बरा होऊन आला तोवर त्याची मिनिटं दुसऱ्याकडे गेली होती, आणि फेब्रुवारीत त्याला सोडलं. पुढे तो जर्मनीत दुसऱ्या श्रेणीच्या प्रो-ए लीगमध्ये गेला. तिथे चांगला खेळला, बॉलही पुन्हा त्याच्या हातात आला.

आता या मुलांची भूक मोजायचीच असेल तर पैशात मोजा. त्या काळात जी लीगचा नेहमीचा पगार अख्ख्या मोसमाचा 35,000 डॉलर होता, कर कापायच्या आधी. राहण्याची सोय आणि विमा संघाचा. त्याच मुलांचे कितीतरी वर्गमित्र नोकरीत याहून जास्त कमवत होते. आता तर उलटीच गंगा आहे. जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली आणि 2025 पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली. म्हणजे मोठ्या विद्यापीठाचा चांगला खेळाडू व्यावसायिक झाला की त्याची कमाई घटू शकते. तरी मुलं येतात, पहाटेची विमानं पकडतात, कॉर्नरला उभी राहतात.

आंद्रे इंग्राम आठवतो का? वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीचा, भौतिकशास्त्राचा पदवीधर. 2007 पासून दहा वर्षं याच लीगमध्ये खेळला, वर खर्च भागवायला गणिताच्या शिकवण्या घेतल्या. 10 एप्रिल 2018 ला, वयाच्या 32 व्या वर्षी लेकर्सकडून एनबीएत पहिला सामना खेळला आणि ह्यूस्टनविरुद्ध 19 पॉइंट मारले. त्या दिवशी मी हॉस्टेलवर टीव्हीसमोर रडले होते. त्या दहा वर्षांत कुठल्या तरी मीटिंगमध्ये कोणी त्यालाही भुकेवर ऐकवलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

टिकतात कोण, तर छोटं काम मनापासून उचलणारे. टेक्सास ए अँड एमचा अ‍ॅलेक्स कारुसो 2016 मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही, ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून या लीगमध्ये खेळला. 2020 मध्ये लेकर्सकडून आणि 2025 मध्ये ओक्लाहोमा सिटीकडून एनबीए विजेता झाला, दोन्ही वेळा मुख्यतः डिफेन्सच्या जोरावर. तो स्वतः म्हणाला आहे की जी लीगमधली बरीच मुलं मोठ्या साहेबाच्या जागेच्या मुलाखतीला आल्यासारखी खेळतात, कंपनीला मात्र साफसफाईला माणूस हवा असतो. उलट जिमर फ्रेडेट बघा. 2010-11 मध्ये 28.9 च्या सरासरीने अख्ख्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पहिला, 2016 मध्ये डी-लीगच्या (जी लीगचं तेव्हाचं नाव) ऑल-स्टार सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू, तरी एनबीएत पाय रोवता आला नाही. त्याची भूकही कमी नव्हती. चीनमध्ये त्याला हवा तसा खेळ मिळाला आणि तिथे त्याने धुमाकूळ घातला.

हेही मान्य करते की काही मुलं खरोखर ढिली पडतात. आणि काहींचा दर्जाच तेवढा नसतो, कारण जी लीगमधला सामान्य वाटणारा खेळाडूही त्याच्या कॉलेजचा स्टारच होता. माझा अनुभव एका संघाचा आहे, सगळीकडे तसंच असेल असं नाही. सगळे प्रशिक्षकही सारखे नसतात. आमचा मुख्य प्रशिक्षक त्या बैठकीनंतर मला येऊन भेटला आणि पुढे दर आठवड्याला माझा अहवाल आधी वाचायला लागला.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात मुलांना बास्केटबॉल शिकवता आणि त्यांना काय सांगू असं विचारलंय. जो सगळ्यात जास्त बास्केट मारतो त्याला दर आठवड्याला एक सामना कॉर्नरला उभं करा आणि समोरच्या बेस्ट खेळाडूला धरायला लावा. आई-वडील तक्रार करतील, करू द्या. आणि एखादा अचानक हळू झाला तर मीटिंगमध्ये काही बोलायच्या आधी त्याला बूट काढायला सांगा. एका पायावर उभं करून दहा वेळा टाच उचलायला लावा, मग दुसऱ्या पायावर. दोन्ही बाजूंत फरक दिसला तर त्या दिवशी त्याला खेळवू नका आणि फिजिओकडे पाठवा, मग दुसऱ्या दिवशी फायनल असली तरी.