नागपूरच्या उन्हात सनस्क्रीन खरंच लागतं का? आपल्या सावळ्या लोकांना कुठे होतो त्वचेचा कॅन्सर?

"आपल्या सावळ्या लोकांना" हे मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लिहायला बसलेच.

बाबा लाईनमन होते. बत्तीस वर्षं खांबावर. उन्हाळा लागला की डोक्याला शेला, कान घट्ट बांधलेले, खिशात कांदा, घरी आले की पन्हं. लू लागू नये म्हणून नागपूरचा माणूस जे जे करतो ते सगळं. नाक तेवढं उघडं. रिटायर झाल्यावर त्याच नाकपुडीशेजारी पुळी आली. मोत्यासारखी चमकदार कड, मधे खळगा. दुखत नव्हती, पण टॉवेलनं तोंड पुसलं की रक्त यायचं, खपली धरायची, पुन्हा निघायची. कॉलनीतल्या डॉक्टरांनी आठ महिने मलमं बदलून दिली. मी म्हटलं, तुकडा काढून तपासू. तर दादा, "काहून घाबरवून राहिली बाबांना? गोऱ्यांचं दुखणं आहे ते!"

बेसल सेल कार्सिनोमा निघाला, म्हणजे त्वचेचा कॅन्सरच. हा सहसा शरीरात दुसरीकडे पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरत जातो. नाकाची कड कापून तिथे गालाचं कातडं ओढून लावावं लागलं. आधी आणलं असतं तर चार टाक्यांत भागलं असतं, असं सर्जन म्हणाले, तेव्हा दादा पार्किंगमध्ये होता. नातेवाइकांना तो आजही "गाठ काढली" एवढंच सांगतो.

तर सनस्क्रीन. लावा. एसपीएफ (बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा) 30 पुरे, 50 नं फार तर एखाद्या टक्क्याचा फरक. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, नाहीतर पैसे पाण्यात. आणि पारा बघून ठरवू नका. मे महिन्यात संध्याकाळी सहाला अंग भाजतं, पण तेव्हा त्वचेला इजा करणारे अतिनील किरण उतरलेले असतात. जानेवारीत भर बाराला गच्चीवर संत्री सोलत बसता, तेव्हा ते चांगलेच तीव्र असतात. बर्डीच्या बाजारात दुपट्ट्यात गुंडाळलेल्या पोरी काळं पडायच्या भीतीनं गुंडाळतात. कारण चुकीचं, काम बरोबर. ऑस्ट्रेलियानं 1981 साली उन्हापासून बचावाची मोहीम काढली, त्यातही आधी शर्ट होता, मग क्रीम, मग टोपी.

हो, दादाचं अर्धं खरं आहे. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनमुळे आपल्यात हा आजार गोऱ्यांपेक्षा बराच कमी. आणि मेलॅनोमा, त्वचेच्या कॅन्सरचा खरा जीवघेणा प्रकार, तो आपल्याकडे बरेचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली निघतो. त्या जागच्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही, क्रीमचा उपयोग नाही. पाय धुताना तळवे बघत जा. महिनाभरात न भरलेली जखम कुठेही असो, दाखवा. मी डॉक्टर नाही, बँकेत असते.

बाबा आता रुंद काठाची टोपी घालतात. दादानं क्रिकेटवाली आणून दिली होती, ती मी कपाटावर टाकली. तिच्यात कान उघडे राहतात.