नागपुरात मायस्थेनियाच्या रुग्णांचा गट चालवणारी माणसं कोण आहेत?

तुमच्या आईला मायस्थेनिया ग्रेव्हिसचं निदान झालंय, आणि अशा आजाराचे गट कोण चालवतं, डॉक्टर का, असं तुम्ही विचारलंय. मी नऊ वर्षांपासून याच आजाराचा रुग्ण आहे. आमच्या गटात एकही डॉक्टर नाही. तीन माणसांवर सगळं चालतं.

लाखात जेमतेम दहा-वीस जणांना होणारा हा आजार. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप शरीरातल्याच अँटिबॉडीज अडवतात, म्हणून स्नायू वापरला की थकतो. संध्याकाळी माझी पापणी पडायची, एकाचे दोन दिसायचे. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला, मग "टेन्शन घेऊ नका" हेही ऐकून झालं.

निदानानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री आवाज नाकातून यायला लागला, घोटभर पाणीही गिळता येईना. गटातल्या काकूंना फोन लावला. त्या निवृत्त शिक्षिका, मुलगी याच आजाराची रुग्ण. म्हणाल्या, "बेटा, काही सांगत बसू नको. खोल श्वास घे अन् एका दमात आकडे मोज." मी 14 वर अडकलो. निरोगी माणूस सहज 40 च्या पुढे जातो. 20 च्या आत आलं म्हणजे श्वासाचे स्नायू दमत आलेत. "आत्ताच्या आत्ता निघा, वाट पाहू नका," त्या बायकोला म्हणाल्या, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत फोनवर राहिल्या. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होतो. आजही रात्री दोनला त्यांचा फोन लागतो.

गट चालवणारे दुसरे, एक भाऊ, गांधीबागच्या दवा बाजारात नोकरीला. या आजारावरच्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीचा असर तीन-चार तासच टिकतो, त्यामुळे माल संपला तर गडचिरोलीच्या रुग्णाला दुपारचं जेवण चावता येत नाही. ते आधीच हेरून पोचवतात.

तिसऱ्या ताईंनी खिशात ठेवायचं कार्ड केलंय: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, अझिथ्रोमायसिन, शिरेतून मॅग्नेशियम. या औषधांनी आजार एकदम उसळू शकतो. लघवीच्या साध्या इन्फेक्शनसाठी यातलं एक मिळालं आणि त्यांचे वडील आयसीयूत गेले, तेव्हापासून त्या कार्ड वाटतात. कार्ड दाखवायचं ते डॉक्टरांना. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, हे त्या प्रत्येकाला बजावतात.

आम्ही रविवारी सकाळी आठला भेटतो, कारण सकाळी अंगात ताकद असते. तर्रीपोहे असतात, पण तर्रीतले चणे बाजूला काढून. चावताना जबडा दमतो. मे महिन्यात भेट बंद, त्या उन्हात आमच्या पापण्या दुपारच्या आधीच मिटतात. आईंना नागपूरचा उन्हाळा काढायचा असेल तर कूलरची सोय आत्ताच करा, डोळ्यांवर ठेवायला फ्रीजमध्ये बर्फ ठेवा, आणि आजच त्यांना एका दमात आकडे मोजायला लावून तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलना करायला तोच लागेल.